डबल चादरीएवढी जागा

फुकट कार्यक्रम असला की लवकर जाऊन जागा धरायची, एवढं एक शास्त्र कंट्रोलरला पक्कं ठाऊक होतं. गाणारी बाई कोण, ती काय गाते आणि तिच्यापायी अख्खं शहर का वेडं झालंय, यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. लिफ्टच्या आरशाशेजारी चिकटवलेलं पोस्टर त्याला लेकीनंच वाचून दाखवलं. नदीकाठचं मैदान, शनिवार, संध्याकाळ, तिकीट नाही. लेक सहा वर्षांची, तिला घरात चिमणी म्हणत, आणि इथली भाषा तिला बापापेक्षा कितीतरी चांगली येत होती. "तिकीट नाही म्हणजे फुकट ना गं?" त्यानं खात्री करून घेतली. ती हो म्हणाली आणि कंट्रोलरच्या अंगात एकदम उत्साह संचारला.

तो गावाकडे बसस्टँडवर कामाला होता. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कुठली कधी सुटणार, कुठली आज येणारच नाही, हे सगळं तो जाळीच्या खिडकीमागे बसून ठरवायचा आणि माइकवरून सांगायचा. त्याच्या पदाचं सरकारी नाव लांबलचक होतं, पण लोक त्याला कंट्रोलरच म्हणत. पुढे बायकोला परदेशात नर्सची नोकरी लागली आणि लेकीला घेऊन तिच्या मागोमाग तो इथं आला, तेव्हा हे नावही सामानाबरोबर आलं. बिल्डिंगमध्ये आपल्याकडची चार घरं होती. तिथले लोक त्याच्या बायकोला सिस्टर म्हणत. त्यावरून वरच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरनं पहिल्याच आठवड्यात 'सिस्टरचे मिस्टर' असा विनोद केला होता, आणि अजूनही तो जिन्यात भेटला की तोच विनोद आत्ताच सुचल्यासारखा करत असे. कंट्रोलर प्रत्येक वेळी हसायचा. न हसून सांगतो कुणाला?

जागा धरण्याचे कायदे कुठे छापलेले नसतात, पण स्टँडवर ते सगळ्यांना माहीत असतात आणि भांडण झालं की लोक निवाड्यासाठी कंट्रोलरच्या खिडकीशी येतात. खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल चालतो. टोपी तर चालतेच. वर्तमानपत्र चालतं, पण त्यावर कुणी बसलं तर पेपरच्या मालकानं फार ताणू नये. पिशवी टाकली असेल तर आत काय आहे ते बघावं. भाजी असेल तर माणूस येणार, पिशवी रिकामी असेल तर मालक चहा पीत बसलाय असं समजावं. आणि कुणी खिडकीतून मूलच आत सोडलं, तर त्यापुढे सगळ्यांनी हात जोडावेत. असे कितीतरी निवाडे त्यानं चहाचा कप हातात धरून केले होते आणि पराभूत पक्षसुद्धा कुरकुरत का होईना ते मानायचा. इथं येऊन त्याला दोन वर्षं झाली, पण त्याच्याकडे कसला निवाडा मागायला कुणी आलं नव्हतं.

इथं त्याचं काम ठरलेलं होतं. चिमणीचा डबा करायचा, तिला शाळेत पोचवायचं, तळघरातल्या मशीनमध्ये कपडे टाकायचे, ते होईपर्यंत तिथल्याच बाकावर बसायचं, मग बाजार, मग चिमणीला आणायचं, मग कुकर. सिस्टरची ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. तिच्या झोपेच्या वेळी घरात चमचासुद्धा वाजू न देण्याची कला त्यानं कमावली होती. दुःखी वगैरे नव्हता तो. उलट शाळेतून येताना चिमणी त्याचं बोट धरून दिवसभराचं पुराण सांगायची, ती वेळ त्याला फार आवडायची. पण कुणी विचारलं, काय करता आपण, की त्याचं उत्तर तयार असायचं. "मी काय, रजेवर आलोय."

रजा खरी होती. बिनपगारी. ती त्यानं एकदा वाढवून घेतली, पुन्हा वाढवून घेतली आणि त्या जोरावर इथं तो मनानं एक पाय दाराबाहेर ठेवूनच वावरत होता. खुर्ची आपली आहे, कधीही जाऊन बसू, हा त्याचा आधार होता. मग पोस्टर लागलं त्याच आठवड्यात डेपोतल्या मेकॅनिक मित्राचा फोन आला.

"साहेबांनी स्पष्ट सांगितलंय बघ. एक तारखेला हजर, नाहीतर विषय संपला," मित्र म्हणाला. "तुझ्या खुर्चीवर नवा पोरगा बसवलाय. पण तात्पुरता."

"मी आलो की उठेल ना?"

"उठेल की. पण तू ये तर."

त्याच संध्याकाळी त्यानं हे सिस्टरला सांगितलं. ती ओट्याशी उभी राहून चहा गाळत होती. गाळणं झटकून ती म्हणाली, "तुम्ही ठरवा."

झालं. एवढंच. ती 'जा' म्हणाली असती तर त्यानं आकांडतांडव केलं असतं, की म्हणजे मी तुला जड झालो का. 'थांबा' म्हणाली असती तर दोन दिवस तोंड पाडून, उपकार केल्यासारखा तो थांबला असता. दोन्हीची त्याच्या मनाची तयारी होती. 'तुम्ही ठरवा'ची मात्र नव्हती. पाहुण्याला विचारतात तसं ते वाटलं त्याला, चहा घेणार की सरबत, तुम्ही ठरवा. तेव्हापासून दोघांचं बोलणं दूध संपलंय आणि चावी कुठंय यापलीकडे गेलं नव्हतं. एक तारीख तोंडावर आली होती. सोमवारपर्यंत डेपोला काय ते कळवायचं होतं.

अशा घरात कार्यक्रमाचा विषय निघाला तो चिमणीमुळे. तिच्या वर्गातल्या सगळ्या मुली जाणार होत्या. सिस्टर म्हणाली, "जाऊ या. माझी ड्यूटी चारला सुटते. चिमणी मैत्रिणीकडे असेल, तिला घेऊन मी परस्पर येते."

"मी दुपारीच जाऊन जागा धरतो," कंट्रोलर म्हणाला.

"अहो, मैदान आहे ते. जागा कसली धरताय?"

"तू बघच."

शनिवारी दुपारी तो मैदानावर पोचला तेव्हा तिथं माणसांपेक्षा लोखंडच जास्त होतं. स्टेजच्या चौकटी उभ्या होत्या, जाड काळ्या वायरींवर रबराच्या पट्ट्या टाकणारे कामगार एकमेकांना हाका मारत होते, आणि एक माणूस माइकसमोर उभा राहून तोच तोच आकडा मोजत होता. त्या माणसाकडे कंट्रोलरनं जरा आपुलकीनं पाहिलं. मग पुढच्या कठड्यापासून थोडं मागं, मधोमध, बेताची जागा हेरून त्यानं पिशवीतून डबल बेडची चादर काढली. पोपटी रंगाची, मोठमोठ्या फुलांची, सासूबाईंनी येताना दिलेली. ती त्यानं गवतावर ऐसपैस पसरली. एका कोपऱ्यावर बूट, दुसऱ्यावर डबा, तिसऱ्यावर पाण्याची बाटली, चौथ्यावर पिशवी. पिशवीत चिमणीचं जाकीट होतं, म्हणजे पिशवी रिकामी नव्हती, म्हणजे कायद्याला धरून होती. मग तो मधोमध मांडी घालून बसला.

पिवळ्या जाकिटातली एक बंदोबस्ताची बाई जवळ आली आणि काहीतरी म्हणाली. कंट्रोलरनं तीन बोटं दाखवून सांगितलं, "फॅमिली. येणार." दुसरा शब्द त्यानं इथल्या भाषेत म्हटला. तो त्याला येत होता. ती बाई चादरीकडे बघून हसली आणि निघून गेली. पहिली लढाई जिंकल्यासारखं त्याला वाटलं.

दुसरी लढाई झालीच नाही. माणसं येऊ लागली, पोरंपोरी, हातात हात घातलेली जोडपी, बाबागाड्या घेतलेले आईबाप, आणि सगळे चादरीला वळसा घालून जात होते. कुणी पाय ठेवला नाही. कुणी 'हे काय बापाचं मैदान आहे का' असं विचारलं नाही. एक मुलगी धावता धावता चुकून कोपऱ्यावर पडली, तर उठून तिनं कंट्रोलरची माफी मागितली आणि चुरगळलेला कोपरा हातानं सरळ केला. कंट्रोलरनं दुपारपासून मनात चोख उत्तरं जुळवून ठेवली होती, ती सगळी वाया गेली. स्टँडवर एव्हाना दोनदा बाचाबाची झाली असती, मग भांडणाऱ्यालाच थोडं सरकून जागा दिली असती, मग तंबाखूची देवाणघेवाण, कुठले तुम्ही, आमची मावशी तिकडचीच. इथं त्याची जागा सगळ्यांनी मान्य केली आणि त्याच्याशी कुणी बोललं नाही.

अजून एक गोष्ट त्याच्या उशिरा लक्षात आली. कुणी बसत नव्हतं. सगळे उभेच होते आणि उभेच राहणार होते. त्याच्या चहूबाजूंनी गुडघे, पँटी आणि पिशव्या यांचं रान माजलं. मध्ये पोपटी चादरीवर तो एकटा बसलेला. तिथून त्याला स्टेज दिसत नव्हतं, फक्त आभाळाचा एक तुकडा आणि एका दिव्याचा खांब दिसत होता. त्यानं उभं राहून पाहिलं. पण उभं राहिल्यावर चादर कुणाची हे कळेना, म्हणून तो परत बसला.

शेजारी एक म्हातारी घडीचं स्टूल घेऊन आली होती. सगळ्या मैदानात बसलेली अशी ती दोघंच, त्यामुळे साहजिकच ओळख झाली. तिनं त्याला लिमलेटची गोळी दिली. त्यानं तिला डब्यातलं देऊ केलं. तिनं पोटावर हात ठेवून नको म्हटलं. मग मोकळ्या चादरीकडे बोट दाखवून तिनं भुवया उंचावल्या.

"येणार," कंट्रोलर म्हणाला.

थोड्या वेळानं तिनं पुन्हा भुवया उंचावल्या.

"येणार," तो म्हणाला.

फोन वाजला तेव्हा गर्दी इतकी दाटली होती की खिशातून तो काढताना त्याचं कोपर कुणाच्या तरी पोटरीला लागलं. सिस्टर होती.

"अहो, आम्ही आलोय. मागच्या गेटाशी. निघायच्या वेळेलाच वॉर्डात एक आजोबा पडले, म्हणून उशीर झाला. तुम्ही कुठे आहात?"

"पुढे! एकदम मधोमध. या लवकर, जागा आहे."

"पुढे सोडत नाहीयेत आता. भरलंय म्हणतात. तुम्हीच मागे या."

"अगं, जागा धरलीय! सांग त्यांना, आमचे मिस्टर पुढे आहेत, दुपारपासून जागा धरून बसलेत."

"इथं असं कुणी सांगत नाही."

"सांगितलं की ऐकतात. तू सांग तर. फार चांगली माणसं आहेत ही, मी बघतोय दुपारपासून."

"अहो, आत शिरायला वाट नाही. चिमणी चेंगरेल. इथनं दिसतंय आम्हाला. तुम्ही या ना."

"आणि ही जागा?"

"सोडा."

"सोडा काय सोडा? दुपारी कडक उन्हात येऊन बसलोय मी."

आवाज न चढवता ती म्हणाली, "तुमचं नेहमीचंच आहे. जागा धरून ठेवायची, बसायचं मात्र कुठेच नाही." त्याच वेळी स्टेजवरून ढोलाचा असा दणका झाला की पुढचं काही त्याला ऐकू आलं नाही. ती बोलायची थांबली की फोन बंद झाला, तेही कळलं नाही.

सगळं मैदान ओरडलं. गाणारी आली असावी. कंट्रोलरला ती दिसली नाही, पण पुढची माणसं एकदम टाचा उंचावून उभी राहिली आणि सगळ्यांचे हात वर गेले, यावरून त्यानं ते ओळखलं. गाणं सुरू झालं आणि त्याच्या आजूबाजूचे सगळे ते गाऊ लागले. त्याला फक्त एक शब्द कळत होता, 'येणार' हाच. तो सारखा सारखा येत होता. कोण येणार, कशासाठी, काही समजत नव्हतं. आधी त्याला राग आला. बायकोचा, चांगुलपणानं वळसा घालून जाणाऱ्या लोकांचा, त्या वॉर्डातल्या आजोबांचासुद्धा. मग राग ओसरला आणि तिचं वाक्य तेवढं राहिलं. तो ते उलटंसुलटं करून बघू लागला, कुठे चूक सापडते का म्हणून. सापडेना.

इतक्यात चादरीवर कुणीतरी आलं. दोनेक वर्षांची पोर होती. मागं उभ्या असलेल्या तिच्या आईच्या हातातून निसटून ती सरळ मधोमध आली, डब्याशेजारी बसली आणि डब्याची कडी उघडायचा प्रयत्न करू लागली. आई ओशाळी होऊन वाकली. कंट्रोलरच्या तोंडून सवयीनं निघालं, "येणार." म्हातारीनं स्टुलावरून वळून त्याच्याकडे पाहिलं. या वेळी तिनं भुवया उंचावल्या नाहीत.

त्यालाच आपली लाज वाटली. हेच प्रकरण खिडकीशी आलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं? गाडी स्टँडात उभी आहे तोवर रुमालाला मान आहे. एकदा गाडी हलली की रुमाल म्हणजे नुसतं फडकं, आत असेल तो बसेल. हे तो किती जणांना डोळ्यांत डोळे घालून सांगत आला होता, आणि मागाहून पळत येणाऱ्यांच्या शिव्याही त्यानं खाल्ल्या होत्या. गाडी केव्हाच हलली होती. तो उठला, बूट घातले, पिशवी खांद्याला लावली. पोरीच्या आईला त्यानं हातानं बस अशी खूण केली, म्हातारीलाही केली. डबा पोरीच्या हातातून सोडवणं जिवावर आलं, म्हणून तोही तिथंच राहू दिला.

बाहेर पडणं हे बसण्यापेक्षा फार अवघड निघालं. सगळ्यांची तोंडं एकीकडे आणि हा एकटाच उलटा. 'माफ करा' हे त्याला इथल्या भाषेत म्हणता येत होतं. ते म्हणत म्हणत, खांद्यांमधून, कोपरांखालून, कुणाच्या तरी सरबताचा अर्धा पेला शर्टावर घेत तो मागं मागं सरकत राहिला. दमला तेव्हा मागच्या कठड्याजवळ त्याला त्या दोघी दिसल्या.

चिमणी दिव्याच्या खांबाच्या चौथऱ्यावर चढून, खांबाला मिठी मारून उभी होती. सिस्टरनं एका हातानं तिला कमरेशी धरलं होतं. अंगावर ड्यूटीचेच कपडे, पायात तेच पांढरे बूट. आणि ती गात होती. नुसते ओठ हलवत नव्हती, शब्दन्‌शब्द म्हणत होती, मान हलवून, मध्येच चिमणीकडे बघून हसत. हे गाणं तिला येतं हे कंट्रोलरला माहीत नव्हतं. वॉर्डात लागत असेल, स्टाफच्या पोरी म्हणत असतील. तिनं ते कधी घरात म्हटलं नव्हतं, कारण घरात ती यायची ती झोपायला. तो चार माणसांच्या मागं तसाच उभा राहिला. दोघींना काहीही कमी नव्हतं. त्याला एकदम परकं वाटलं, या देशात आजवर कधी वाटलं नव्हतं इतकं. आणि भीती वाटली. गावाकडच्या त्या खुर्चीवर नवा पोरगा बसलाय हे ऐकून वाटली होती, त्याच्या कैक पट.

चिमणीनं त्याला वरून पाहिलं. "आई, बाबा आला!"

पुढच्या माणसांनी वळून पाहिलं आणि वाट दिली. वाट म्हणजे एक पाऊल मावेल एवढी. तो कठडा आणि एका जाड्या माणसाची पाठ यांच्यामध्ये आडवा होऊन शिरला.

"आलात?" सिस्टर म्हणाली.

"आलो."

"आणि जागा?"

"दिली सोडून."

रुसलाय की काय, हे तिनं त्याच्या तोंडाकडे बघून तपासलं. "चादर?"

"तिथंच आहे. लोक बसलेत."

"आईची चादर होती अहो ती."

"डबापण तिथंच आहे."

यावर ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. स्टेजकडे बघत राहिली. एक गाणं संपलं, टाळ्या झाल्या, गाणारी काहीतरी बोलू लागली. तेवढ्या वेळात सिस्टर म्हणाली, "मी काल चिमणीच्या शाळेत गेले होते. शाळा सुटल्यावर तिथंच मुलं सांभाळतात ना, तिथं हिचं नाव घालून आलेय. एक तारखेपासून."

"का?"

"का म्हणजे? तुम्ही गेल्यावर हिला आणणार कोण?"

"मी जातोय असं कुणी सांगितलं तुला?"

"राहताय असंही कुणी सांगितलं नाही."

"विचारायचं तरी! थांबा म्हणायचं एकदा. तुम्ही ठरवा काय, तुम्ही ठरवा. मी काय पाहुणा आहे?"

आता ती त्याच्याकडे वळली. तिला राग आलेला नव्हता. दिवसभर उभं राहून दमलेल्या माणसाचा असतो तसा तिचा आवाज होता.

"मी थांबा म्हटलं असतं तर तुम्ही थांबला असतात. मला ठाऊक आहे. आणि मग भाजीत मीठ कमी पडलं की डेपो निघाला असता. चावी सापडली नाही की डेपो निघाला असता. तुझ्यासाठी सोडली, तुझ्यासाठी सोडली. जन्मभर. ते मला नकोय. जायचं तर जा, मी सांभाळीन सगळं. राहायचं तर स्वतःचं म्हणून राहा. माझ्या नावावर नका टाकू."

तिनं कंट्रोलरला बरोबर ओळखला होता. मिठाचं तर अगदी शब्दशः खरं होतं. त्यानं जन्मात पुष्कळ निवाडे दिले, पण स्वतःविरुद्धचा असा सरळ निवाडा त्याला कुणी ऐकवला नव्हता. आणि त्यातलं सगळ्यात वाईट हे की त्याला जायचंच नव्हतं. ते त्याला मेकॅनिकचा फोन ठेवला तेव्हाच कळलं होतं. खुर्ची हवी होती ती त्यावर बसायला नाही, नुसती असायला. जायचं नाही हे दुसऱ्या कुणीतरी म्हणावं, एवढ्यासाठी तो आठवडाभर तोंड फुगवून बसला होता आणि तेवढ्या दिवसांत या बाईनं एकटीनं पोरीची सोय लावली, ड्यूट्या केल्या, आणि वर त्याला कार्यक्रमालाही आणलं.

पुढचं गाणं सुरू झालं. हे फारच जोरकस होतं. पायाखालची जमीन थरथरत होती. कंट्रोलर तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "मला राहायचंय."

"काय?"

"मला राहायचंय म्हटलं."

"ऐकू येत नाही हो."

त्यानं तोंडाशी हात धरले आणि छातीत असेल नसेल तेवढी हवा गोळा करून तो ओरडला, "मला इथं राहायचंय! तुझ्यासाठी नाही! मला! राहायचंय!"

जाड्या माणसानं वळून पाहिलं. अजून दोघातिघांनी पाहिलं, आणि हा गाण्यात रंगलाय असं समजून एकानं त्याच्या पाठीवर थाप मारली. चिमणीनं खांबावरून खाली वाकून बापाच्या डोक्यावर टपली दिली.

"बाबा, ओरडू नको ना! गाणं ऐकू येत नाहीये."

सिस्टर स्टेजकडेच बघत होती. तिनं मोकळ्या हाताच्या मनगटानं आधी एक डोळा पुसला, मग दुसरा. मग त्याच्या बाहीला धरून त्याला आपल्याजवळ ओढला आणि कानात म्हणाली, "मग सोमवारी शाळेत तुम्हीच जा. त्या बाईंना सांगा, नाव काढा, हिला आणायला मी येणार आहे म्हणून. मी नाही सांगणार."

"मी? अगं, मला कुठं येतंय इतकं बोलायला?"

"शिका," ती म्हणाली, आणि पुन्हा गाऊ लागली.